विहिरीच्या पाण्यात टिकेल असा फोटोकॅटॅलिस्ट: तालुक्याच्या कॉलेजातून विद्यापीठाबरोबर संशोधन कसं उभं करायचं

विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आणि नवा फोटोकॅटॅलिस्ट, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर पाण्यातली सेंद्रिय घाण तोडणारा उत्प्रेरक, घडवण्याची मनापासून इच्छा असलेल्या प्राध्यापकांसाठी, तसंच त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. आपल्या प्रयोगशाळेत बहुधा एक मफल फर्नेस (विजेची भट्टी), दोन-तीन मॅग्नेटिक स्टरर, एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारा) आणि काचसामान एवढंच असतं. एक्स-रे डिफ्रॅक्शनसाठी (स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीसाठी) मोठ्या शहराकडे पाहावं लागतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी त्याहून लांब. म्हणून बरेच जण हा विषय सोडून देतात. काही जण पावडर बाहेर पाठवतात, आलेले आलेख प्रबंधात लावतात आणि काम संपलं असं धरतात.

पण या विषयात मोठ्या प्रयोगशाळेला सहजी न मिळणाऱ्या दोन गोष्टी आपल्या दारात आहेत. एक, गावाचं खरंखुरं पाणी. दुसरी, खणखणीत ऊन. यंत्रं त्यांच्याकडे, पाणी आणि ऊन आपल्याकडे, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून केली तर कॉलेज नुसतं नमुने पुरवणारं राहत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच वाटणीवर बेतलेल्या आहेत.

थोडं विज्ञान, कामापुरतं

फोटोकॅटॅलिस्ट हा बहुतेक वेळा अर्धवाहक असतो. त्याच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि मागे धनभारित पोकळी राहते. पोकळीमुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल हे फार क्रियाशील कण तयार होतात, इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनकडे जाऊन सुपरऑक्साइड बनवतो. मग रंग, कीटकनाशक, जिवाणूची पेशीभित्तिका, जे सेंद्रिय सापडेल ते तुटायला लागतं. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, आणि तिथून या विषयाने जोर धरला.

टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त आहे, टिकाऊ आहे, विषारी नाही. पण त्याच्या अॅनाटेज रूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणारी ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे त्याला साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. आपल्यापर्यंत पोचणाऱ्या उन्हात असा अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के. उरलेल्या उन्हाचा त्याला उपयोग नाही. दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या नव्या पदार्थांचा शोध जगभर चालू आहे तो यासाठी.

पायरी १: आधी पाणी ठरवा

बहुतेक प्रकल्प पदार्थापासून सुरू होतात. झिंक ऑक्साइडमध्ये अमुक धातू घालू, मग मिथिलीन ब्लूचा रंग उडवून दाखवू. असे शोधनिबंध हजारोंनी आहेत आणि त्यात आपली भर पडून कुणाचं काही अडत नाही. तुमच्या तालुक्यात कोणतं पाणी खराब आहे आणि कशाने, हे आधी कागदावर मांडा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण गावकऱ्यांना चुकीची आशा लावणं बरं नाही. फोटोकॅटॅलिस्टने फ्लोराइड जात नाही. खारेपणाही जात नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याची कितीतरी गावं खाऱ्या पाण्यावर दिवस काढतात. पण फ्लोराइड किंवा क्लोराइड हा साधा आयन आहे, त्यात तोडण्यासारखं काही नाही. तुमच्या गावाचा प्रश्न हाच असेल तर अधिशोषकांवर, म्हणजे आयन पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या पदार्थांवर काम करा. तोही मोलाचा विषय आहे, फक्त वेगळा आहे.

फोटोकॅटॅलिस्टला शोभणारं पाणी म्हणजे सेंद्रिय घाण असलेलं पाणी. विदर्भात माझ्या मते सगळ्यात निकडीचं म्हणजे फवारणीचे पंप आणि कीटकनाशकाचे डबे धुतलेलं पाणी. कपाशीच्या हंगामात ते सरळ धुऱ्यावर, नाल्यात किंवा विहिरीच्या काठाशी ओतलं जातं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ती विषबाधा अंगावर उडालेल्या आणि श्वासातून गेलेल्या औषधाची होती, धुवणाच्या पाण्याची नव्हे. पण तीच औषधं त्याच वावरात वापरली जातात आणि त्यांचं धुवण कुठे जातं याकडे कुणी पाहत नाही. स्पेनच्या अल्मेरिया भागात कीटकनाशकांच्या डब्यांचं धुवण उन्हाच्या जोरावर शुद्ध करण्याचं काम झालेलं आहे. तिथे फोटो-फेंटन (लोह, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रकाश) ही जवळची पद्धत वापरली गेली. म्हणजे कल्पना हवेतली नाही.

दुसरा चांगला पर्याय म्हणजे रंगाईचं पाणी. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव भागात टसर विणणारी घरं आहेत. छोट्या रंगाईचं पाणी थोडं असतं, एका जागी मिळतं आणि त्यावर प्रयोग करणं सोपं जातं.

पाणी ठरलं की ते तपासा. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), पीएच, कठीणपणा, क्लोराइड आणि विशेषतः क्षारता. क्षारतेचं टायट्रेशन बी.एस्सी.च्या मुलांना येतंच. ते महत्त्वाचं यासाठी की आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकलला मध्येच गाठून संपवतं. क्लोराइड आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची सेंद्रिय द्रव्यंही हेच करतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासाभरात रंग उडवणारा पदार्थ विहिरीच्या पाण्यात ढिम्म राहतो तो यामुळे. तुमच्या संशोधनाचा मूळ प्रश्न इथेच सापडतो: बायकार्बोनेट असतानाही काम करेल असा पदार्थ कसा घडवायचा? या प्रश्नावर मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापकही खुर्ची पुढे ओढून बसतो.

पायरी २: एक कुटुंब निवडा आणि त्यालाच धरून राहा

ग्राफायटिक कार्बन नायट्राइड हा ग्रामीण प्रयोगशाळेसाठी मला सगळ्यात योग्य वाटतो. धातू नाही, कच्चा माल स्वस्त, भट्टी सोडून विशेष उपकरण लागत नाही. बँड गॅप सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाश त्याला चालतो. दृश्य प्रकाशावरचा उत्प्रेरक म्हणून तो २००९ नंतर झपाट्याने पुढे आला. बिस्मथ व्हॅनाडेट, बँड गॅप सुमारे २.४, हाही चांगला. झिंक ऑक्साइड बनवायला सोपा आहे, पण तो अतिनील प्रकाशच मागतो आणि आम्लात विरघळतो. कॅडमियम सल्फाइडला हात लावू नका. प्रकाशात तो स्वतःच झिजतो आणि पाण्यात कॅडमियम सोडतो. विष काढायला जाऊन विष घालण्याचा तो प्रकार होईल.

आधार म्हणून, म्हणजे ज्यावर उत्प्रेरक बसवायचा त्यासाठी, आपल्याकडचा माल वापरा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या भुश्शाच्या राखेतून चांगला सिलिका निघतो. कपाशीची पऱ्हाटी दरवर्षी शेताच्या कडेला जाळली जाते, तिचा कमी हवेत केलेला कोळसा आधाराला चालतो. यात नुसती स्थानिकपणाची हौस नाही. भागीदार संस्थेला हा माल एकाच गावाचा, एकाच वाणाचा, सातत्याने मिळणं अवघड जातं, तुम्हाला नाही.

पानांच्या रसाने नॅनोकण बनवण्याची जी लाट आली आहे तिच्याबद्दल स्पष्ट बोलतो. कडुनिंब, तुळस, पळस, झाड बदललं की नवा निबंध, असं चाललंय. रसात नेमकं काय आहे हे ऋतूनुसार बदलतं, म्हणून दुसऱ्याला तोच पदार्थ पुन्हा बनवता येत नाही. रसातल्या कोणत्या घटकाने काय केलं हे दाखवता येणार असेल तरच त्या वाटेने जा. शिवाय स्थानिक वनस्पतीवर आधारलेल्या शोधाचं पेटंट घ्यायचं झालं तर जैवविविधता कायद्याचे नियम लागू होतात. त्याची चौकशी आधीच करून ठेवा.

पायरी ३: दार ठोठावण्याआधी घरचं काम

रिकाम्या हाताने भागीदार शोधायला जाऊ नये. एक पदार्थ, तीन प्रकारच्या पाण्यांतले आकडे आणि नीट ठेवलेली नोंदवही, एवढं जवळ असलं की बोलणं बरोबरीने होतं. उदाहरण म्हणून कार्बन नायट्राइडच घेऊ.

प्रयोगशाळेच्या प्रतीचा युरिया घ्या. खताच्या दुकानातला घेऊ नका. २०१५ पासून देशातला खताचा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच येतो आणि ते तेल भट्टीत जळून पदार्थात काय मिसळेल याचा नेम नाही. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं नियमात बसत नाही. दहा-पंधरा ग्रॅम युरिया झाकणाच्या अॅल्युमिना क्रुसिबलमध्ये भरा. झाकण घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर उरायचा तो थोडा मालही वाफ होऊन जातो. मिनिटाला ५ अंशांच्या आसपास तापमान वाढवत ५५० अंशांवर न्या आणि दोन ते तीन तास तिथेच ठेवा. अमोनिया जोरात सुटतो. फ्यूम हूड नसेल तर भट्टी खिडकीशी हलवा, बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, आणि मुलांना त्या खोलीत बसू देऊ नका. भट्टी आपोआप थंड झाल्यावर फिकट पिवळी, हलकी, भुसभुशीत पावडर मिळते. ती फार थोडी असते, घातलेल्या युरियाच्या काही टक्केच. इतकंच निघालं म्हणून निराश होऊ नका, युरियाचं असंच असतं. जास्त माल हवा असेल तर मेलामाइनपासून सुरुवात करा, मात्र त्याचं पृष्ठफळ कमी येतं.

लोडशेडिंगचं काय? तापमान चढत असताना किंवा ५५० वर असताना वीज गेली तर ती बॅच बाजूला काढा, डबीवर तसं लिहा, आणि आकडेवारीत धरू नका. मध्येच थंड होऊन पुन्हा तापलेला पदार्थ वेगळा असतो. वीज जाण्याच्या ठरलेल्या वेळा पाहून भट्टी लावा. नोंदवहीत प्रत्येक बॅचला क्रमांक, तारीख, युरियाच्या बाटलीचा लॉट क्रमांक, वजन आत किती, बाहेर किती, आणि कोणी केली ते लिहा. मुलं बदलतात, वही राहते.

पायरी ४: चाचणी अशी करा की कुणी बोट ठेवू नये

सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे, म्हणून सविस्तर लिहितो.

लिटरला अर्धा ते एक ग्रॅम उत्प्रेरक घ्या. दिवा किंवा ऊन देण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळा, म्हणजे पावडरीच्या पृष्ठभागावर जे चिकटायचं ते चिकटून जातं. हे केलं नाही तर नुसतं शोषलं गेलेलं रसायन 'तुटलं' म्हणून मोजलं जातं. पऱ्हाटीच्या कोळशाचा आधार असेल तर हे फार होतं. नुसता कोळसाही रंग पिऊन टाकतो. अर्ध्या तासाने वाचन स्थिर झालं नसेल तर आणखी थांबा.

चार बीकर शेजारी शेजारी ठेवा. एकात उत्प्रेरक आणि प्रकाश. दुसऱ्यात उत्प्रेरक नाही, फक्त प्रकाश. तिसऱ्यात उत्प्रेरक आहे, पण बीकर अॅल्युमिनियम फॉइलने झाकलेलं. चौथ्यात पी-२५ नावाने मिळणारा व्यापारी टायटॅनियम डायऑक्साइड, ज्यात साधारण ८० टक्के अॅनाटेज आणि २० टक्के रुटाइल असतो. जगभर याच्याशी तुलना होते. हे चारही एकाच वेळी, एकाच उन्हात चालले पाहिजेत. सोमवारचं ऊन आणि गुरुवारचं ऊन यांची तुलना होत नाही.

गच्चीवर मे महिन्यात काम करताना पाणी उडतं आणि उरलेलं रसायन दाट होतं, त्यामुळे उत्प्रेरक कमी काम करतो असं वाटतं. बीकरचं वजन आधी घ्या आणि प्रत्येक वेळी नमुना काढण्याआधी डिस्टिल्ड वॉटर घालून ते वजन पूर्ववत करा. आधी काढलेल्या नमुन्यांचं वजन त्यातून वजा करायला विसरू नका. पाण्याचं तापमानही पार वर जातं, म्हणून बीकर पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये ठेवा आणि प्रत्येक वाचनाबरोबर थर्मामीटरचा आकडा लिहा. सकाळी ११ ते दुपारी ३ ही वेळ बरी. पावसाळ्यात गच्ची बंद, तेव्हा एलईडी दिवे. वेगाचे आकडे दिव्याखालचेच काढा, कारण दिवा बदलत नाही. ऊन हे शेवटच्या परीक्षेसाठी ठेवा.

मिथिलीन ब्लूबद्दल. ते स्वस्त आहे, ६६४ नॅनोमीटरला सहज मोजता येतं, पण ते स्वतःच दृश्य प्रकाश शोषतं आणि उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देऊन स्वतः तुटतं. त्यामुळे पदार्थ दृश्य प्रकाशावर चालतो असा भास होतो. मुलांचा हात बसण्यापुरतं ते वापरा. मुख्य पुरावा रंगहीन रसायनाचा हवा. कपाशीवर तुडतुडे-माव्यासाठी मारलं जाणारं इमिडाक्लोप्रिड २७० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, त्यामुळे ते आपल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दिसतं. क्वार्ट्झचे क्युव्हेट मात्र लागतील, काचेचे चालणार नाहीत. शुद्ध प्रमाणित रसायन विकत घ्या, कृषी केंद्रातली बाटली नको, कारण तिच्यात द्रावक आणि इतर पदार्थ असतात. हातमोजे, चष्मा आणि उरलेल्या द्रावणाची वेगळी बाटली, यात सवलत नाही. वाचन घेण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूज करा. तरंगणारे कण प्रकाश अडवतात आणि आकडा फसवा येतो.

निकाल '९८ टक्के विघटन' असा लिहून काही कळत नाही. किती वेळात, किती पावडरीने, किती तीव्रतेच्या द्रावणात? सुरुवातीची तीव्रता भागिले त्या क्षणाची तीव्रता, याचा नॅचरल लॉग वेळेसमोर मांडा. रेघ सरळ आली तर तिचा चढ म्हणजे तुमचा वेगस्थिरांक. डिस्टिल्ड वॉटर, विहीर आणि हातपंप अशा तीन पाण्यांतले तीन स्थिरांक एका तक्त्यात मांडा. हा छोटा तक्ताच तुमची ओळख.

पायरी ५: कोणाकडे जायचं, कसं बोलायचं

आपल्याकडे पर्याय कमी नाहीत. नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८ पासून आहे. व्हीएनआयटी (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) आहे, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, जी आता स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे, १९२३ मध्ये स्थापन झालेलं नागपूर विद्यापीठ आहे. अमरावती विद्यापीठ १९८३ चं, गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. कीटकनाशकांचा विषय असेल तर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला कीटकशास्त्र विभाग सोबत असणं फार उपयोगाचं, कारण कोणतं औषध कोणत्या महिन्यात किती वापरलं जातं हे त्यांना ठाऊक असतं. वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था पुढच्या टप्प्यात, उपकरण गावात नेताना आठवावी.

भागीदार निवडताना संस्थेचं नाव दुय्यम. त्या व्यक्तीचे गेल्या पाच वर्षांतले निबंध वाचा. विषय जुळतो का, आणि छोट्या कॉलेजातल्या सहलेखकांची नावं त्यात दिसतात का, हे दोनच प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर निम्मं काम झालं.

पत्र एका पानाच्या आत ठेवा. साधारण असं:

'आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. आम्ही कपाशीच्या पट्ट्यात आहोत. युरियापासून कार्बन नायट्राइडच्या बॅच तयार करून इमिडाक्लोप्रिडवर तपासल्या आहेत. डिस्टिल्ड वॉटरच्या तुलनेत विहिरीच्या पाण्यात वेग बराच घटतो, तक्ता सोबत आहे. आमचा अंदाज आहे की कारण बायकार्बोनेट. आपल्याकडे नमुन्यांचं एक्स-रे डिफ्रॅक्शन आणि परावर्तन वर्णपट होऊ शकल्यास पुढची दिशा ठरवता येईल. पाण्याचे नमुने, क्षेत्र चाचणी आणि वर्षभराची मोजणी ही जबाबदारी आमची. भेटीसाठी अर्धा तास मिळावा ही विनंती.'

उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी फोन करा. प्रोफेसरमंडळी मुद्दाम टाळतात असं नाही, मेल खाली जातात. शक्य असेल तर प्रत्यक्ष जा, सोबत विद्यार्थ्यालाही न्या, आणि वही न्या. वही दाखवली की बोलण्याचा सूरच बदलतो.

पायरी ६: कागदावर काय यायला हवं

सामंजस्य करार कॉलेजांना नवे नाहीत. नॅक या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या फाइलसाठी सही होते, फोटो निघतो, पुढे काही होत नाही. तसा करार असायला हरकत नाही, पण त्याला एक कामाची पुरवणी जोडा. दोन पानं पुरेत.

त्यात लेखकत्वाचा मुद्दा सगळ्यात आधी लिहा. कल्पना कोणाची, पदार्थ कोण बनवणार, मोजमाप कोण करणार, पहिलं नाव कोणाचं, पत्रव्यवहाराचं नाव कोणाचं. नंतर बोलू म्हटलं की नंतर बोलणं होत नाही आणि संबंध बिघडतात. आपल्याकडे मोठ्यांसमोर हे विचारायला संकोच वाटतो. पण बहुतेक ज्येष्ठ संशोधकांना हा प्रश्न विचारलेलाच आवडतो, त्यांचंही काम सोपं होतं.

दुसरा मुद्दा मूळ आकडेवारीचा. यंत्राच्या फाइली दोन्हीकडे राहतील असं लिहून घ्या. नुसतं आलेखाचं चित्र हाती आलं तर पुढे कुणी शंका काढली की उत्तर देता येत नाही.

तिसरा पेटंटचा. भारतात आधी प्रसिद्ध झालेल्या गोष्टीला सहसा पेटंट मिळत नाही. परिषदेतलं पोस्टर किंवा ऑनलाइन ठेवलेला प्रबंध हेही प्रसिद्ध करणंच ठरतं. म्हणून नवं काही सापडल्याचं वाटलं की आधी तात्पुरता अर्ज भरा. त्याने तारीख राखली जाते आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात मोठी सवलत आहे. मालकी कशी वाटायची ते पुरवणीत आधीच असावं.

पीएच.डी.चा विद्यार्थी असेल तर तुमचं कॉलेज मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे का, नसेल तर नोंदणी कुठे आणि सहमार्गदर्शक कोण, हे नोंदणीआधी मिटवा.

पायरी ७: यंत्रांकडे प्रश्न घेऊन जा

'सगळं कॅरेक्टरायझेशन करून द्या' असं म्हणू नका. पैसाही जातो आणि यंत्र चालवणाऱ्याचा विश्वासही. पदार्थ नेमका तयार झाला का, हे एक्स-रे डिफ्रॅक्शन सांगतं आणि शेररच्या सूत्राने स्फटिकाच्या आकाराचा अंदाज येतो. कोणता प्रकाश शोषतो हे परावर्तन वर्णपट सांगतो, त्यावरून बँड गॅप निघतो. पृष्ठफळासाठी बीईटी. दोन पदार्थ खरोखर एकमेकांना जोडले गेलेत असा दावा असेल तेव्हाच टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं चित्र) मागा. धातूची ऑक्सिडीकरण स्थिती हा तुमचा मुद्दा असेल तेव्हाच एक्सपीएस.

न वापरलेली आणि पाच वेळा वापरलेली, अशा दोन्ही पावडरी पाठवा. वापरानंतर रचना टिकली का, ते यातून कळतं. डबीवर बॅच क्रमांक, वजन आणि तारीख लिहा, पेन पुसला जाणार नाही असा वापरा. जवळच्या संस्थेत यंत्र बंद असेल तर आयआयटी मुंबईचं सैफ हे उपकरण केंद्र आहे. देशभरातली कोणती उपकरणं बाहेरच्यांना वापरता येतात हे केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं.

भागीदाराकडे करून घ्यायची एक चाचणी मात्र टाळू नका: मधल्या पदार्थांची. क्लोरपायरिफॉस किंवा मॅलॅथिऑनसारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधं अर्धवट तुटली तर त्यांची ऑक्सॉन रूपं तयार होतात आणि ती मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरला मूळ औषध गेलेलं दिसेल आणि पाणी मात्र आधीपेक्षा घातक झालेलं असेल. म्हणून एचपीएलसी किंवा एलसी-एमएस (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या), आणि जोडीला एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला हे मोजून घ्या. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला सोबत घेऊन शुद्ध केलेल्या पाण्यात मूग किंवा गव्हाचं बियाणं उगवून मुळांची लांबी मोजा. खर्च जवळजवळ नाही आणि परीक्षकाला लगेच पटतं.

पैसा आणि माणसं

विद्यार्थ्याची फेलोशिप आधी बघा. बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या योजना सामाजिक गटांनुसार आहेत, आणि महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. पूर्णवेळ काम करणारा एक विद्यार्थी असला तरी प्रकल्प चालतो, यंत्राशिवाय वर्षभर निघतं.

राष्ट्रीय पातळीवर २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं आणि आधीचं एसईआरबी (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्यात सामावलं. त्याची पेअर ही योजना नेमकी आपल्या कामाच्या धाटणीची आहे: एक मोठी संस्था केंद्रस्थानी, तिच्याभोवती जोडलेल्या इतर संस्था. तुमचं विद्यापीठ अशा गटात आहे का, हे विद्यापीठाच्या संशोधन कक्षाला विचारा. गटात असेल तर तुमचा विषय त्यात बसवता येईल का, याचं बोलणं लवकर सुरू करा.

पायरी ८: पावडर शेतात चालत नाही

बीकरमध्ये तरंगणारी बारीक पावडर शंभर लिटरच्या टाकीतून गाळून काढणं जवळजवळ अशक्य. म्हणून प्रकल्पाच्या दुसऱ्या वर्षापासून उत्प्रेरक कशावर तरी बसवायला घ्या. काचेचे मणी, खरखरीत फरशी, विटेचे तुकडे, भुश्शाच्या सिलिकाच्या गोळ्या. बसवल्यावर वेग घटतो, कारण पाण्याला भिडणारा भाग कमी होतो. ते धरूनच चला. पण निसटून पाण्यात किती जातं हे दर खेपेला वजन करून मोजा. धातूचा उत्प्रेरक असेल तर पाण्यात उतरलेला धातू भागीदाराकडून तपासून घ्या.

मग उथळ, तिरकी ट्रे करा, ज्यावरून पाण्याचा पातळ थर वाहत राहील आणि छोटा पंप ते पुन्हा वर आणेल. खोली दोन-तीन सेंटिमीटरच्या वर नको, गढूळ पाण्यात प्रकाश खाली पोचत नाही. धुवणाचं पाणी आधी वाळूतून गाळून घ्या. ट्रेला कुंपण हवं, कारण गावात ढोरं, शेळ्या, कोंबड्या उघडं पाणी दिसलं की तोंड घालतात. मराठीत ठळक पाटी लावा: हे पाणी पिण्याचं नाही, जनावरांनाही पाजू नये.

शेतकऱ्याला आधी विचारा, मग जागा मागा. फवारणीच्या दिवसांत तो पहाटेपासून वावरात असतो, त्याला तुमच्या वेळापत्रकाने चालवू नका. त्याच्या वेळेला तुम्ही जा, धुवणाचं पाणी तुम्हीच गोळा करा, आणि कोणतं औषध, किती पंप, किती पाणी हे त्याच्यासमोरच लिहून घ्या. निकाल आला की तो आधी त्याला सांगा, कमी आला तरी सांगा. शुद्ध झालेलं पाणीही कागदावरचा अहवाल दोन्ही संस्थांनी मान्य करेपर्यंत शेतात किंवा नाल्यात सोडू नका. वेगळ्या टाकीत साठवा आणि टाकीवर तारीख टाका.